कॅमेऱ्यावरून भांडायचंच आहे तर नीट भांडा

दोन फिल्मवाले भेटले की थोड्याच वेळात गाडी कॅमेऱ्यावर येते. एक म्हणतो सोनीच घ्या, लो लाइटला तोड नाही, दुसरा म्हणतो ब्लॅकमॅजिकचे स्किन टोन बघितलेत का कधी, तिसरा मध्येच अ‍ॅलेक्सा या अरीच्या महागड्या सिनेमा कॅमेऱ्याचं नाव काढतो जो तिथल्या कोणालाच भाड्याने पण परवडणारा नसतो, आणि दोन तासांनी सगळे जिथे होते तिथेच. मला विचाराल तर वाद जरूर घालावा, शूटच्या आधी घातलेला तर फारच चांगला, फक्त शेवटी एका कॅमेऱ्याचं नाव कागदावर आलं पाहिजे. ते कसं आणायचं तेवढंच इथे लिहितोय. जगातला बेस्ट कॅमेरा कोणता हे शोधत आला असाल तर निराशा होईल, पण दोन किंवा फार तर तीन कॅमेरे समोर आहेत आणि त्यातून एक उचलायचाय अशी वेळ असेल तर वाचा.

आधी स्क्रिप्ट उघडा

कॅमेऱ्याचं नाव काढायच्या आधी सगळ्यांनी बसून काही प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. लिहूनच, कारण तोंडी दिलेली उत्तरं वाद रंगात आला की हळूच बदलतात. फिल्म शेवटी कुठे दिसणार, थिएटरच्या पडद्यावर की फोनवर? रात्रीचे सीन किती, त्यातले लाइट लावून किती आणि आहे त्या उजेडात किती? कॅमेरा हातात किती वेळ असणार? फोकस ओढायला, म्हणजे शॉट चालू असताना हाताने फोकस जुळवत राहायला, वेगळा माणूस (फोकस पुलर) आहे का, की डायरेक्टरच कॅमेरा धरणार आणि साउंडही तोच बघणार? एडिट कुठल्या मशीनवर होणार? ग्रीन स्क्रीन, म्हणजे मागचं दृश्य नंतर बदलायला लावलेला हिरवा पडदा, आहे का?

निम्मा वाद इथेच मिटतो, खरंच. एकटा माणूस डॉक्युमेंटरी करतोय, कुठे काय घडेल माहीत नाही, तर त्याला भरवशाचा ऑटोफोकस, चांगली बॅटरी आणि अंधारात टिकणारा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) लागतो, सोनी एफएक्स३ किंवा पॅनासॉनिक एस५ टू सारखं काहीतरी. तेच चार जणांचा क्रू आहे, लाइट आहेत, फोकस पुलर आहे, सीन ठरलेले आहेत, तर ब्लॅकमॅजिक पॉकेटला कंटिन्युअस ऑटोफोकस नाही याचं दुःख करायचं कारणच नाही. मग ज्याने उगाच ऑटोफोकसचा मुद्दा आणलाय त्याला कागद दाखवायचा.

'के' चा, म्हणजे चित्र किती हजार पिक्सेल रुंद याचा, मुद्दा पण इथेच निकालात काढा. अरी अ‍ॅलेक्सा २०१० ला आली, तिच्यावर २के, २.८के मध्ये शूट झालेले सिनेमे वर्षानुवर्षं जगभर मोठ्या पडद्यावर चालले आणि कोणी उठून पिक्सेल मोजले नाहीत. त्याच्या आधी २००८ ला कॅनन ५डी मार्क टू आला, त्यात सुरुवातीला फक्त सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ होता, २४ आणि २५ नंतर २०१० च्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये) आले, रेकॉर्डिंग ८ बिट, विटांच्या भिंतीवर किंवा बारीक चौकड्याच्या शर्टवर मॉरे (बारीक रेघांवर उमटणारी खोटी नक्षी) नाचायचा, तरी लोकांनी त्याच्यावर धडाधड फिल्म केल्या, कारण एवढा मोठा सेन्सर आणि एवढा कमी डेप्थ ऑफ फील्ड (फोकसमध्ये राहणारी खोली) तोपर्यंत छोट्या माणसाच्या हातात आलाच नव्हता. म्हणजे त्या वेळच्या लोकांना एक गोष्ट हवी होती, ती मिळाली, बाकीचं त्यांनी सांभाळून घेतलं. तुमच्या फिल्मला ती एक गोष्ट कुठली आहे ते ठरवा, आणि कागदावर सगळ्यात वर लिहा.

आकड्यांवरून भांडताना

स्पेक शीट वाचायचीच नाही असं नाही, पण कुठला आकडा कामाचा आणि कुठला जाहिरातीचा हे कळलं पाहिजे.

बिट डेप्थ कामाचा आकडा आहे. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४, १२ बिटमध्ये ४०९६. लॉगमध्ये (उजेड-सावली जास्त मावावी म्हणून फिकट रेकॉर्ड केलेल्या चित्रात) शूट करून ग्रेडिंगला (नंतरच्या रंगकामाला) ताणणार असाल तर ८ बिटमध्ये आभाळाला पट्टे पडतात, ते नंतर कोणी काढून देत नाही. क्रोमाचं, म्हणजे रंगाची माहिती किती साठवली जाते याचं, ४:२:० की ४:२:२ (दुसऱ्यात जास्त) हे साध्या सीनला फार जाणवत नाही, ग्रीन स्क्रीनला मात्र केसांच्या कडांशी लगेच कळतं. तेव्हा लॉग वापरणार असाल तर १० बिटच्या खाली येऊ नका, ग्रीन स्क्रीन असेल तर ४:२:२ च घ्या, यावर वाद नको.

रिझोल्यूशनच्या बाबतीत कॅमेरा ४के कसा बनवतो ते विचारा. बायर सेन्सरवर, जिथे प्रत्येक पिक्सेल एकच रंग टिपतो, बरोब्बर ४के एवढेच पिक्सेल असले तर प्रत्यक्ष डिटेल त्याहून थोडा कमीच मिळतो, तेच ६के किंवा ७के वाचून खाली ४के ला आणलं तर चित्र जास्त धारदार दिसतं. मग सगळ्यांनी ७के च वाचावं ना? तर नाही, कारण जास्त ओळी वाचायला जास्त वेळ लागतो आणि रोलिंग शटर, म्हणजे हलत्या गोष्टी तिरक्या दिसणं, वाढतं. सोनीच्याच घरातलं उदाहरण घ्या, ए७एस थ्री आणि एफएक्स३ मध्ये १२ मेगापिक्सेलचा एकच सेन्सर आहे, तो दहा मिलिसेकंदांच्या आत वाचून होतो, आणि ए७ फोर ३३ मेगापिक्सेलचा, ४के जास्त कुरकुरीत देतो पण फुल फ्रेमला, म्हणजे अख्खा सेन्सर, वाचायला पंचवीस मिलिसेकंदांच्या पुढे जातो, वर सेकंदाला ६० फ्रेमच्या ४के ला सुपर ३५ चा क्रॉप लागतो, म्हणजे सेन्सरचा मधला भागच वापरला जातो. कॅमेरा स्टँडवर ठेवून, बसून बोलणाऱ्या माणसाच्या मुलाखतीला ए७ फोर झकास, धावत्या माणसामागे पळायचं असेल तर विजेचे खांब वाकडे होतील.

डायनॅमिक रेंजचा, म्हणजे गडद सावलीपासून उजेडापर्यंत किती मावतं याचा, आकडा हा सगळ्यात जास्त भांडणं लावणारा आणि सगळ्यात कमी कामाचा. एक कंपनी तेरा स्टॉप (एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट) म्हणते, दुसरी पंधरा म्हणते, पण सावलीतला किती नॉइज (दाणे) आला की मोजणं थांबवायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. त्याची टेस्ट खाली दिलीये ती करा, आकडे सोडा.

बेस आयएसओ, म्हणजे सेन्सर ज्या संवेदनशीलतेला सगळ्यात चांगलं काम करतो ती, मात्र नीट समजून घ्या, इथे भलेभले गडबडतात. आजकाल बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन बेस असतात. पॉकेट ४के चे ४०० आणि ३२००, एफएक्स३ चे एस-लॉग३ (सोनीचा लॉग) च्या सिने ईआय मोडमध्ये ८०० आणि १२८००. वरच्या बेसला सेन्सरचं सर्किट बदलतं आणि नॉइज एकदम खाली येतो, म्हणून एफएक्स३ वर साध्या मोडमध्ये ६४०० ला जेवढा नॉइज दिसतो त्यापेक्षा १२८०० ला कमी दिसतो. हे माहीत नसलेला माणूस ६४०० ची क्लिप दाखवून म्हणणार बघा किती घाण आहे. वादात कोणी लो लाइटची क्लिप दाखवली तर पहिला प्रश्न हाच, आयएसओ किती होता?

रॉ पाहिजे की नको

रॉ म्हणजे सेन्सरकडून आलेली जवळजवळ कच्ची माहिती, आणि यावर वेगळं लिहावं लागतं कारण इथे माणसं भावनिक होतात. रेड कंपनीचा रेड वन कॅमेरा २००७ मध्ये लोकांच्या हातात यायला लागला आणि कॅमेऱ्याच्या आतच कॉम्प्रेस केलेला रॉ रेकॉर्ड करण्यावर रेडने पेटंट घेऊन ठेवलं, त्यामुळे बाकीच्या कंपन्या कितीतरी वर्षं अडखळत राहिल्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत रॉ हवा असेल तर एचडीएमआयमधून बाहेरच्या रेकॉर्डरवर घ्यावा लागतो, त्यामागे हे एक मोठं कारण. ब्लॅकमॅजिकने २०१८ मध्ये ब्रॉ (ब्लॅकमॅजिक रॉ) आणला, त्यात डिबेअरिंगचा (पिक्सेलच्या एकेरी रंगांतून पूर्ण रंग काढण्याचा) काही भाग कॅमेऱ्यातच होतो. निकॉनवर रेडने केस टाकली होती आणि शेवटी २०२४ ला निकॉनने रेड कंपनीच विकत घेतली, असा तो सगळा तमाशा.

आता तुमच्यासाठी याचा अर्थ काय. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (चित्राचा पिवळा-निळा कल) आणि आयएसओ नंतर हलवता येतात, घाईत शूट होणार असेल, लाइट मिक्स असतील तर हा मोठा आधार आहे. पण उडालेले हायलाइट (पांढरेफटक झालेले भाग) रॉमध्येही परत येत नाहीत, सेन्सर भरला की भरला. आणि डेटाचा हिशोब करा. सेकंदाला ४०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ५० मेगाबाइट, म्हणजे तासाला १८० जीबी. प्रोरेस ४२२ एचक्यू हा कोडेक (चित्र दाबून फाइलीत साठवायची पद्धत) यूएचडी (टीव्हीचं ४के), २४ फ्रेमला तासाला तीनशे जीबीच्या वर जातो. प्रत्येक गोष्टीच्या दोन कॉपी ठेवायच्या (ठेवायच्याच) म्हटल्यावर दुप्पट. दुसऱ्या टोकाला एच.२६५ कोडेकची फाइल छोटी असते, कार्ड पुरतं, पण ती उलगडताना जुनं मशीन रडतं, प्रॉक्सी (हलक्या कॉपी) बनवल्याशिवाय टाइमलाइन हलत नाही, ब्रॉ त्या मानाने पळतो. म्हणून कोडेकच्या वादात एडिटरला बसवा. त्याचं मत डीओपीच्या (मुख्य कॅमेरामनच्या) मताएवढंच मोजा, मी तर म्हणेन थोडं जास्तच.

टेस्ट, आणि ती कशी बिघडू द्यायची नाही

दुसऱ्यांचे तुलनेचे व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. त्यात लेन्स वेगळी असते, एका कॅमेऱ्यावर एक एलयूटी (तयार रंग-सेटिंग) दुसऱ्यावर भलताच, वर स्ट्रीमिंगचं कॉम्प्रेशन, म्हणजे तुम्ही जे बघताय त्यात कॅमेरा कमी आणि बाकीचंच जास्त. दोन्ही कॅमेरे एका दिवसापुरते भाड्याने किंवा उसने मिळवा आणि स्वतः करा.

लेन्स एकच वापरा. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटची (लेन्स जोडायच्या जागेची) लेन्स असली की सोपं पडतं, कारण माउंटपासून सेन्सरचं अंतर ईएफचं ४४ मिलिमीटर, सोनी ई चं १८, पॅनासॉनिकवरच्या एल आणि कॅननच्या आरएफचं २०, त्यामुळे मिररलेस बॉडीवर अ‍ॅडॅप्टरने ती बसते. सेन्सरचा आकार वेगळा असेल तर एकच लेन्स चालणार नाही, मग फ्रेम जुळवा, फुल फ्रेमला ५० मिमी एफ४ लावली तर मायक्रो फोर थर्ड्सला (जवळपास निम्म्या रुंदीच्या सेन्सरला) २५ मिमी एफ२, म्हणजे अँगल पण तोच आणि डेप्थ पण साधारण तेवढीच. हे न करता 'फुल फ्रेमचा ब्लर बघा' म्हणणाऱ्याला थांबवा.

एक्सपोजर आयएसओचा आकडा बघून जुळवू नका, लॉगमध्ये प्रत्येक कंपनीचं ८०० वेगळं वागतं. ग्रे कार्ड (ठरलेल्या राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरा आणि वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) त्या त्या लॉगने सांगितलेल्या जागी बसवा, एस-लॉग३ ला ४१ टक्के. व्हाइट बॅलन्सही कार्डावरून, कारण ५६०० केल्विन दोन बॉड्यांवर एकसारखं दिसत नाही आणि मग सगळे म्हणतात अमुक कंपनीचा रंग हिरवा. शटर १८० अंश, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं, २४ फ्रेमला १/४८ च्या जवळ, २५ ला १/५०, आणि वीज ५० हर्ट्झची असेल तिथे २४ फ्रेमलाही १/५० ठेवा नाहीतर दिव्यांचा फ्लिकर येईल आणि दोष कॅमेऱ्यावर जाईल.

मग एक माणूस खिडकीशी बसवा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, मागे खिडकीबाहेरचं आभाळ. शक्य असलं तर वेगवेगळ्या वर्णाची दोन माणसं बसवा, गोऱ्या कपाळावरचा हायलाइट आणि सावळ्या गालावरची सावली या दोन ठिकाणी कॅमेऱ्याची लायकी कळते. योग्य एक्सपोजरला एक क्लिप घ्या. मग एकेक स्टॉप वर जात जा, तीन-चार स्टॉपपर्यंत, परत येऊन तसंच खाली. अ‍ॅपर्चरला हात लावू नका, डेप्थ बदलते, एनडी (उजेड कमी करणारा काळसर फिल्टर) किंवा शटरने करा. नंतर सगळ्या क्लिप ग्रेडिंगमध्ये योग्य पातळीला आणायच्या आणि बघायचं की वरच्या बाजूला कपाळ कधी प्लॅस्टिकसारखं होतं आणि खालच्या बाजूला सावली कधी जांभळी किंवा हिरवी पडायला लागते. तुमची खरी डायनॅमिक रेंज तेवढीच. दोन्ही कॅमेऱ्यांचं लॉग रेक ७०९ ला (साध्या स्क्रीनच्या रंगांना) आणताना कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (ग्रेडिंगमधलं रंग बदलायचं गणिती टूल) वापरा, आवडीचे एलयूटी लावले की टेस्ट फुकट.

बाकीच्या टेस्ट पटापट. उभ्या कडेसमोर, दाराची चौकट चालेल, दोन्ही कॅमेरे सारख्याच वेगाने पॅन करा आणि फ्रेम थांबवून कलणं बघा. वाइड लेन्स लावून स्टॅबिलायझेशन चालू ठेवून चाला, फ्रेमचे कोपरे जेलीसारखे हलतात का बघा. माणूस कॅमेऱ्याकडे चालत येऊ दे, मध्येच मान वळवू दे, कशाच्या तरी मागून जाऊ दे, ऑटोफोकस कुठे सुटतो ते कळेल. आणि अंधाऱ्या खोलीत दोन्ही बेस आयएसओला एकेक क्लिप.

जे कोणी बोलत नाही ते

शूटवर टेक वाया जातात ते बहुतेक वेळा रंगामुळे जात नाहीत. बॅटरी संपते, कार्ड भरतं, कॅमेरा गरम होऊन बंद पडतो, किंवा स्क्रीन उन्हात दिसत नाही म्हणून फोकस सुटलेला कळतच नाही. म्हणून टेस्टच्या दिवशी एक कॅमेरा गरम खोलीत, तुम्ही प्रत्यक्ष वापरणार त्याच फ्रेम रेटला, सलग चालू ठेवा आणि बाजूला बसून चहा प्या. कॅननचा आर५ २०२० ला आला तेव्हा ८के असूनही चर्चा सगळी गरम होण्याचीच झाली. एफएक्स३ आणि ए७एस थ्री चा सेन्सर एकच, पण एफएक्स३ मध्ये पंखा आहे आणि लांब टेक असतील तर तो पंखा सेन्सरएवढाच महत्त्वाचा. बदल्यात व्ह्यूफाइंडर नाही, ते पण लक्षात ठेवा.

पॉकेट ४के ची एलपी-ई६ बॅटरी जेमतेम चालते, त्यामुळे बाहेरून पॉवर द्यायची सोय हा त्या कॅमेऱ्याचाच भाग धरून वजन आणि खर्च काढा. असंच एनडीचं. १८० अंशाचं शटर, वरचा बेस आयएसओ आणि भर ऊन असं जमलं की एनडीशिवाय पर्याय नाही. पॉकेट ६के प्रो मध्ये २, ४ आणि ६ स्टॉपचे आतच आहेत, कॅनन सी७० मध्ये आहेत, सोनी एफएक्स६ मध्ये तर सलग फिरवता येणारा आहे, एफएक्स३ मध्ये नाही. लेन्सवर लावायचा व्हेरिएबल एनडी चालतो पण वाइड लेन्सवर जास्त फिरवला की फ्रेममध्ये काळी फुली उमटते, आणि स्वस्तातला रंगही मारतो. डॉक्युमेंटरीवाल्याने माझ्या मते एवढ्या एका मुद्द्यावर कॅमेरा निवडला तरी चूक नाही.

साउंड वेगळ्या रेकॉर्डरवर घेणार असाल तर पुढे जा, नसाल तर एक्सएलआर (माइकची जाड वायर) कुठे आणि कसा लागतो, हेडफोनला जागा आहे का, आणि शांत खोलीत गेन वर केल्यावर किती सू-सू ऐकू येतं ते तपासा. कार्ड कुठलं लागतं तेही. व्ही९० म्हणजे सेकंदाला किमान ९० मेगाबाइट सलग, सगळ्या मोडला ते लागतंच असं नाही, आणि यूएसबी-सी वरून थेट एसएसडीवर लिहिणारा कॅमेरा असेल तर मोठ्या शूटला हायसं वाटतं, फक्त ती वायर निसटणार नाही असा क्लॅम्प लावा.

मोठ्या सिनेमाचा दाखला कोणी दिला तर तो पण पूर्ण ऐका. २०२३ मध्ये आलेली मोठ्या बजेटची एक साय-फाय फिल्म एफएक्स३ वर शूट झाली होती हे खरं आहे, पण बाहेर रेकॉर्डर होता, भारी लेन्स होत्या, आणि मागे अख्खं लाइटिंग, आर्ट आणि व्हीएफएक्स उभं होतं. यातून एवढंच कळतं की तो सेन्सर मोठ्या पडद्याला पुरतो. तुमची फिल्म तशी दिसेल असं त्यातून निघत नाही.

निकाल लावायचा दिवस

क्लिप बघताना कुठली कोणत्या कॅमेऱ्याची हे कोणालाच माहीत नको. वादात नसलेल्या माणसाला सांगा, त्याने फाइलींची नावं 'अ' आणि 'ब' करून द्यायची आणि गुपित स्वतःजवळ ठेवायचं. फिल्म जिथे दिसणार तिथेच बघा, थिएटरसाठी असेल तर तासाभरासाठी का होईना मोठ्या पडद्यावर, फोनसाठी असेल तर फोनवर. एका वेळी एकच प्रश्न. चेहरा कुठला बरा? सावली कुठली स्वच्छ? प्रत्येकाने बोलायच्या आधी कागदावर लिहायचं, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचा कॅमेरा जिंकतो. कोणी 'सिनेमॅटिक वाटतंय' म्हणालं तर फ्रेम थांबवून बोट ठेवायला लावा की नेमकं कुठे. बऱ्याचदा बोट लाइटवर किंवा लेन्सवर जातं आणि सगळे हसतात.

बहुतेक वेळा काय होतं की अ आणि ब मध्ये कोणाला धड फरक सांगताच येत नाही. मग चित्राचा मुद्दा वादातून काढूनच टाका आणि सगळ्यात वर लिहिलेली ती एक गोष्ट बघा, पाठोपाठ बॅटरी, एनडी, गरम होणं, एडिटरचं मशीन. तरीही बरोबरी झाली तर ज्या माउंटच्या लेन्स सहज मिळतात तो घ्या, आणि त्यातही बरोबरी असेल तर जो कॅमेरा हातात धरणार आहे त्याला निवडू दे, मेन्यूत बोट न अडखळणारा माणूस सेटवर रोज वेळ वाचवतो.

दुसरा कॅमेरा लागणार असेल तर शक्यतो त्याच कंपनीचा आणि तोच लॉग असलेला घ्या, नाहीतर ग्रेडिंगमध्ये दोन कॅमेरे जुळवत बसावं लागेल. नाव ठरलं की फर्मवेअर अपडेट करून घ्या, एक दिवस पूर्ण रेकॉर्डिंग, कॉपी, एडिटपर्यंत फिरवून बघा, आणि मग शूट संपेपर्यंत परत अपडेटला हात लावू नका, नवीन फीचर कितीही भारी आलं तरी.